फाशीच्या आदल्या दिवसाचं नाटक: ‘द क्वेअर फेलो’बद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश नाटककार ब्रेंडन बेहानच्या या नाटकाचं मराठी अभिवाचन आणि त्यावरच्या चित्रपटाची चर्चा आम्ही नागपुरात अधूनमधून करत असतो. कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली. कथा पूर्ण उघड केलेली आहे. ज्यांना आधी नाटक वाचायचं आहे त्यांनी प्रश्न ९ पासून सुरुवात करावी.

१. नाटक कशाबद्दल आहे? दोन ओळींत सांगा.

डब्लिनच्या तुरुंगात उद्या सकाळी एका कैद्याला फाशी होणार आहे. तुरुंगाच्या भाषेत तोच ‘क्वेअर फेलो’. त्याच्या आदल्या दिवसापासून फाशी होऊन जाईपर्यंत बाकीचे कैदी आणि वॉर्डर काय करतात, काय बोलतात, कशावर पैज लावतात, एवढंच तीन अंकांत आहे. फाशीचे कैदी सुरुवातीला दोन असतात. बायकोला काठीने मारणाऱ्याची शिक्षा जन्मठेपेवर येते. भावाचा खून करून त्याचे तुकडे करणाऱ्याची येत नाही. सुटलेला माणूस त्याच अंकात स्वतःच्या कोठडीत गळफास घ्यायला जातो, हा बेहानचा पहिला फटका.

२. बेहान स्वतः तुरुंगात होता म्हणतात. मग ही खरी गोष्ट आहे का?

होता, आणि चांगला मुरलेला कैदी होता. १९२३ साली डब्लिनमध्ये जन्म. १९३९ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी आयरिश रिपब्लिकन आर्मीसाठी (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना) स्फोटकं घेऊन लिव्हरपूलला गेला आणि पकडला गेला. इंग्लंडमधल्या बाल-सुधारगृहातून परत आला, तर १९४२ मध्ये पोलिसांवर गोळी झाडल्याबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्यातली काही वर्षं माउंटजॉय तुरुंगात गेली. सार्वत्रिक माफीमुळे १९४६ मध्ये सुटका.

माउंटजॉयमध्ये असताना, १९४३ साली, भावाच्या खुनासाठी एका कैद्याला तिथे फाशी झाली. नाटकाचं बीज तिथलं आहे. बाकी माणसं मात्र बेहानने आपल्या मर्जीने घडवली आहेत, तेव्हा प्रत्येक पात्रामागे खरा माणूस शोधत बसू नका. आधी हे नाटक आयरिश भाषेतली एकांकिका म्हणून लिहिलं गेलं. मग इंग्रजीत वाढलं, डब्लिनच्या ॲबी थिएटरने नाकारलं आणि १९५४ च्या नोव्हेंबरात पाइक नावाच्या छोट्याशा थिएटरात उभं राहिलं. प्रेक्षकांची सोय जेमतेम पन्नास-साठ जणांची. १९५६ मध्ये दिग्दर्शिका जोन लिटलवुडने ते लंडनमध्ये केलं आणि त्याच वर्षी बेहान बीबीसीच्या मुलाखतीला दारू पिऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या इंग्लंडला माहीत झाला होता. वयाच्या ४१ व्या वर्षी, १९६४ मध्ये गेला.

३. ज्याच्याभोवती सगळं फिरतं तो माणूस रंगमंचावर येतच नाही. असं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर पटलं तरच नाटक पटतं.

फाशीचा कैदी समोर आणला की प्रेक्षक लगेच न्यायाधीश होतो. हा दिसायला कसा आहे, पश्चात्ताप दिसतो का, रडतो का. पाच मिनिटांत आपण ठरवून मोकळे होतो की याला सोडावं की लटकवावं. बेहान आपल्याला ती सोय देत नाही. आपल्याला तेवढंच कळतं जेवढं बराकीतल्या कैद्यांना कळतं: आज त्याला जेवायला काय दिलं, कोणता वॉर्डर रात्री त्याच्याजवळ बसणार, आवारात खड्डा कुठे खणताहेत. ही माहितीही ऐकीव, अर्धी खोटी. दुसऱ्या अंकात कैदीच त्याची कबर खणतात. तिसऱ्यात फाशी देणारा येतो, तो इंग्लंडहून. कैद्याचं वजन आणि दोराची लांबी यांचा हिशेब तो मांडतो आणि त्याचा सोवळा मदतनीस शेजारी बसून भजनं म्हणतो. त्या हिशेबातून आपल्याला प्रथमच कळतं की या माणसाला शरीर आहे, मान आहे.

माझं मत असं की या नाटकातलं मुख्य पात्र वेळ आहे. घंटा म्हणून वाजवला जाणारा लोखंडी त्रिकोण आणि भिंतीपलीकडून येणारं गाणं, या दोन आवाजांवर तो सगळा दिवस टांगलेला आहे. अभिवाचनात आम्ही प्रकाशयोजना टाळतो, पण त्या त्रिकोणाचा आवाज टाळत नाही.

४. फाशीच्या नाटकात लोक हसतात हे बरं दिसतं का?

हसावंच लागतं, लिहिलंच तसं आहे. वॉर्डर खाली वाकून म्हाताऱ्या कैद्याच्या दुखऱ्या पायाला स्पिरिट चोळतोय आणि वर तो म्हातारा त्याच बाटलीतून घोट मारतोय, हा प्रवेश कुठल्याही फार्सात शोभेल. आणखी एक म्हातारा आपल्या रविवारच्या मांसाच्या तुकड्याची पैज लावतो, फाशी होणार की टळणार यावर. शेवटी फाशीची मिरवणूक निघते तेव्हा एक कैदी घोड्यांच्या शर्यतीचं समालोचन करावं तसं तिचं वर्णन करतो. पहिल्या वाक्याला सभागृह हसतं. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला कोणी हसत नाही. तो फरक ऐकायला म्हणून तरी प्रयोग करावा.

५. चित्रपटात नेमकं काय बदललं?

चित्रपट १९६२ चा, कृष्णधवल, दिग्दर्शक आर्थर ड्रायफस. नाटकात क्रिमिन नावाचा तरुण वॉर्डर अनेकांपैकी एक आहे. चित्रपटात तो नायक झाला (पॅट्रिक मॅकगूहन). नवा नोकरीला लागलेला, कायद्यावर पूर्ण विश्वास असलेला. रीगन हा मुरलेला वॉर्डर, ज्याला फाशीचा मनापासून तिटकारा आहे, तो वॉल्टर मॅकनने केलाय आणि सुंदर केलाय.

सर्वांत मोठा बदल म्हणजे कॅथलीन (सिल्व्हिया सिम्स), फाशी होणाऱ्या माणसाची बायको. नाटकात ती नाही. चित्रपटात क्रिमिनची तिच्याशी ओळख होते, जवळीक होते, आणि खुनामागची घरातली गोष्ट तिच्याकडून कळते. इथेच कॅमेरा तुरुंगाच्या फाटकाबाहेर पडतो.

निर्मात्याची अडचण कळते. नायक हवा, नायिका हवी, दीड तास बघवेल अशी गोष्ट हवी. पण त्याची किंमत आहे. खुनाला कारण दिलं की फाशी योग्य की अयोग्य हा प्रश्न ‘याच्या बाबतीत’ योग्य की अयोग्य एवढा लहान होतो. बेहानने मुद्दाम असा गुन्हा निवडला होता की त्यावर सहानुभूती मिळवणं कठीण जावं. तरीही फाशीची सकाळ पोटात गोळा आणते, हे त्याचं म्हणणं. आणि एकदा आपण फाटकाबाहेरचा रस्ता, खोली, बाईचा चेहरा पाहिला की परत आत गेल्यावर भिंतीचा तेवढा जाच होत नाही. चित्रपट वाईट नाही. नाटकापेक्षा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो, इतकंच.

६. आधी नाटक वाचू की चित्रपट पाहू?

नाटक. उलटं केलंत तर वाचताना क्रिमिनला मॅकगूहनचा चेहरा लागतो आणि बाकी वॉर्डर विझून जातात. इंग्रजीतली डब्लिनची बोली जड जात असेल तर मोठ्याने वाचा, निम्मी अडचण सुटते.

७. चित्रीकरण खऱ्या तुरुंगात झालंय का?

हो, डब्लिनच्याच किलमेनहॅम जेलमध्ये. तो १९२४ मध्ये बंद झाला होता. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या नेत्यांना तिथे गोळ्या घातल्या गेल्या, म्हणून आयरिश प्रेक्षकाला त्या दगडी भिंती नुसत्या भिंती वाटत नाहीत. नाटकातला माउंटजॉय त्या वेळी चालू तुरुंग होता आणि आजही आहे.

८. म्हणजे नाटक फाशीच्या विरोधात आहे. ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांचं काय?

रीगन विरोधात आहे आणि तसं बोलतोही: फाशी द्यायचीच तर मैदानात, सगळ्यांसमोर द्या, असा त्याचा टोला आहे. पण लेखकाने बाकी कैद्यांना संतांची वस्त्रं दिलेली नाहीत. शेवटी काय होतं पाहा. फाशी गेलेल्या माणसाची पत्रं कबरीत टाकायची असतात, आणि ती वर्तमानपत्राला विकता येतील म्हणून कैदी आपसात भांडतात. दया वगैरे सगळं त्या भांडणात वाहून जातं.

खून झालेल्याच्या कुटुंबाचा आवाज नाटकात नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. नागपुरात हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याचा सूर बहुधा चढलेला असतो. नाटक एका दिवसाचं आणि भिंतीच्या आतलं आहे, त्यामुळे ते कुटुंब तिथे येऊ शकत नाही, एवढंच म्हणता येतं. फाशी हवी असं ठाम मत असलेल्यांनीही नाटक जरूर ऐकावं. मत बदलण्याची अट नाही.

९. पण नागपुरात हे नाटक का?

वर्धा रोडवरून अजनीकडे जाताना रहाटे कॉलनीजवळ मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. आपण तिच्याकडे पाहत नाही. राज्यात फाशीची सोय दोनच कारागृहांत, येरवडा आणि नागपूर. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला ३० जुलै २०१५ च्या सकाळी इथे फाशी झाली. आदल्या रात्री दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचं दालन पहाटे तीननंतर उघडून सुनावणी झाली, याचिका फेटाळली गेली आणि काही तासांत इथे अंमलबजावणी झाली. त्या रात्री कित्येक नागपूरकर टीव्हीसमोर जागे होते. बातमी भिंतीबाहेरची होती. भिंतीच्या आत बाकीच्या बराकींत ती रात्र कशी गेली असेल, हे कोणी विचारलं नाही. बेहानचं नाटक बरोबर तिथे उभं आहे.

त्या खटल्याबद्दल मत मांडायला हा कार्यक्रम नाही, हे आम्ही दर वेळी सांगतो.

१०. आपल्याकडे नाटकातल्यासारखी ऐन वेळी फाशी टळू शकते का?

टळू शकते. दयेचा अर्ज राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपतींकडे आणि कलम १६१ खाली राज्यपालांकडे करता येतो. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरचा अवाजवी विलंब आणि काहींच्या बाबतीत मानसिक आजार या कारणांनी पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान चौदा दिवस असावेत, हेही तिथेच सांगितलं. प्रश्न ९ मधल्या रात्री वाद झाला तो याच चौदा दिवसांवरून: दुसरा दयेचा अर्ज फेटाळल्यावर ते पुन्हा मोजायचे का? न्यायालयाने नाही म्हटलं.

आयर्लंडमध्ये शेवटची फाशी १९५४ च्या एप्रिलमध्ये झाली, म्हणजे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं त्याच वर्षी. कायद्यातून शिक्षा पूर्णपणे गेली ती १९९० मध्ये.

११. मराठीत प्रयोग करायला परवानगी कोणाची लागते?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. बेहान १९६४ मध्ये गेला, म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ ला भारतातली मुदत संपली. मूळ इंग्रजी संहितेवरून तुम्ही स्वतः भाषांतर करून भारतात प्रयोग केलात तर अडचण नाही. पण चार ठिकाणी पाय अडकतो:

दुसऱ्या कोणी केलेलं भाषांतर वापरलंत तर त्या भाषांतराचा हक्क वेगळा, त्याची परवानगी घ्या. नव्या आवृत्त्यांमधल्या प्रस्तावना, टिपा यांचेही हक्क वेगळे. नाटकातलं त्रिकोणाचं गाणं कोणी रचलं यावरच वाद आहे, बेहाननेही ते आपलं नसल्याचं म्हटलं होतं. सरळ आपलं मराठी गाणं रचा (प्रश्न १२). आणि आयर्लंड, ब्रिटनमध्ये मुदत सत्तर वर्षांची आहे, म्हणजे तिथे २०३४ संपेपर्यंत हक्क चालू. त्याचा परिणाम प्रश्न १८ मध्ये. मोठा प्रयोग असेल तर एकदा वकिलाला कागद दाखवाच.

१२. डब्लिनच ठेवायचं की सगळं नागपुरात आणायचं?

दोन्ही करून पाहिलेले लोक भेटतात आणि दोन्हीकडचे भांडतात. मी रूपांतराच्या बाजूचा आहे, पण अर्ध्या मनाने.

काही गोष्टी इतक्या सहज बसतात की मोह होतो. नाटकात केरी भागातला एक तरुण कैदी आणि क्रिमिन हे दोघं आयरिश भाषेत हळूच बोलतात. एक गणवेशात, एक कैद्याच्या कपड्यांत, पण गावाकडची भाषा एक. नागपुरात हे गोंडीत करा: गडचिरोलीकडचा पोरगा आणि तिकडचाच शिपाई. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना शब्द कळणार नाहीत आणि कळूही नयेत. गाण्यासाठी खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्याची चाल घ्या, भिंतीपलीकडून एकट्या आवाजात ती अंगावर येते. घोड्यांच्या शर्यतीच्या जागी क्रिकेटचं समालोचन सगळे सुचवतात. मला ते पटत नाही, क्रिकेटमध्ये चालत जाण्याची लय नाही. पोळ्याचा किंवा शंकरपटाचा भोंग्यावरचा निवेदक करा, बैलजोडी धावत सुटल्यासारखा. विदर्भात तो आवाज प्रत्येकाच्या कानात आहे.

अडतं कुठे? फाशी देणारा इंग्लंडहून येतो तिथे. स्वातंत्र्य मिळाल्यावरही आयर्लंड फाशीसाठी इंग्रज माणूस बोलवत होतं, आणि बेहानसारख्या जुन्या क्रांतिकारकाला त्यातला विनोद आणि अपमान दोन्ही दिसत होते. नागपुरात आणल्यावर याला जोड नाही. पुण्याहून माणूस आणला तर हशा मिळतो, पण तो विदर्भ-पुणे छापाचा स्वस्त हशा असतो. नाटक तिथे घसरतं. म्हणून हा एक प्रवेश उघडपणे परका ठेवावा, किंवा मग सगळंच डब्लिनमध्ये ठेवावं.

१३. कैद्यांच्या तोंडी कोणती भाषा?

कैद्यांना नागपुरी, वऱ्हाडी. अधिकाऱ्यांना प्रमाण, कागदी मराठी. ‘काय करून राह्यला बे’ म्हणणाऱ्या कैद्यासमोर ‘सदर बंद्यास समज देण्यात येत आहे’ म्हणणारा जेलर आला की अंतर आपोआप दिसतं. कच्चा कैदी, पक्का कैदी, बराक, अंडा सेल, मुलाखत, पॅरोल, फर्लो हे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत, ते वापरा. हिंदी सिनेमातल्या जेलची भाषा मात्र दाराबाहेर ठेवा.

१४. आमच्या ग्रुपमध्ये मुली जास्त आहेत. चालेल का?

मूळ नाटकात रंगमंचावर स्त्री भूमिका नाही. आवारात कपडे वाळत घालणाऱ्या स्त्री कैद्यांची नुसती चर्चा होते. अभिवाचनात मुलींनी पुरुष कैदी खुशाल वाचावेत, दहाव्या मिनिटाला कोणाच्या लक्षातही राहत नाही. कॅथलीनला मात्र चित्रपटातून उचलून आणू नका. ती पात्र म्हणून चित्रपटाची आहे, आणि कारण प्रश्न ५ मध्ये आलंच आहे.

१५. सेट आणि सभागृह?

एक भिंत, काही दारं, ‘शांतता राखा’ अशी भलीमोठी पाटी. एवढं पुरे. देशपांडे सभागृह किंवा सुरेश भट सभागृह या नाटकाला फार मोठं. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह ठीक. खरं तर कॉलेजची एखादी वर्गखोली, खिडक्या बंद करून, उत्तम. नागपूरच्या मे महिन्यात हे करू नका, प्रेक्षकांना शिक्षा वेगळी द्यायची गरज नाही.

१६. सेन्सॉरचं काय?

सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शिव्या, लैंगिक गुन्ह्याचा कैदी आणि दारूचा प्रवेश यांवर प्रश्न येऊ शकतात, तयारी ठेवा. चित्रपटगृहात दाखवायची फिल्म केलीत तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आले आहेत.

१७. नागपूर जेलमध्येच शूटिंग करता येईल का?

परवानगी गृह विभाग आणि पुण्यातल्या कारागृह मुख्यालयाच्या हातात असते. फाशीच्या विषयावर, तेही फाशीची सोय असलेल्या कारागृहात, हौशी संस्थेने त्या आशेवर तारखा ठरवू नयेत. बाहेरून भिंतीचं गुपचूप चित्रीकरण तर अजिबात नको. ड्रोनचा विचारही नको. प्रश्न १५ मधली वर्गखोली कॅमेऱ्यालाही पुरते. प्रश्न ३ पटला असेल तर तुम्हाला फाशीघर दाखवायचंच नाही.

१८. अभिवाचनाचा व्हिडिओ किंवा आमची शॉर्ट फिल्म यूट्यूबवर टाकू का?

इथे जरा थांबा. भारतातल्या सभागृहात जे मोकळं आहे ते इंटरनेटवर लंडन-डब्लिनमध्येही दिसतं, आणि तिथे बेहानच्या शब्दांवर हक्क चालू आहे. एक तर वारसांच्या प्रतिनिधींकडून परवानगी मागा, नाहीतर व्हिडिओ भारतापुरता मर्यादित ठेवा. १९६२ च्या चित्रपटाचं तसंच: भारतात चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतर साठ वर्षं, म्हणजे २०२२ अखेर संपली. आयर्लंड, ब्रिटनमध्ये ती दिग्दर्शक, लेखक यांच्या मृत्यूपासून मोजतात, त्यामुळे त्यातले तुकडे कापून आपल्या व्हिडिओत चिकटवले की चॅनेलवर तक्रार येऊ शकते. चर्चेच्या व्हिडिओत प्रसंग तोंडी सांगा, फार तर एखादं स्थिरचित्र दाखवा. आणि गोंडी बोलणाऱ्या कलाकाराचं नाव श्रेयनामावलीत घालायला विसरू नका, तिकडून सर्वांत आधी फोन येतो तो त्याबद्दलच.